आण्णांची मॅटाडोर: मोडकळीला आलेली जुनी व्हॅन विकायची असेल तर

आमच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मॅटाडोर बावीस वर्षं उभी होती. चारही टायर जमिनीला बसलेले, पुढच्या काचेला आडवा तडा, मागच्या दाराच्या फटीतून कोंबड्या आत जाऊन अंडी घालायच्या. 2025 मध्ये ती विकली. भंगारवाल्यानं 42,000 सांगितले होते, शेवटी 1,85,000 आले आणि गाडी कापली गेली नाही. मधे अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. आमच्या कोरेगाव तालुक्यातच मला अशा तीन-चार गाड्या माहीत आहेत, गोठ्याच्या नाहीतर विहिरीच्या कडेला उभ्या असलेल्या. घरच्यांना त्या अडचण वाटतात आणि एका दुपारी कुणीतरी फोन करून देऊन टाकतं. तो फोन करण्याआधी हे वाचा.

आण्णांचं टूरिंग टॉकीज होतं. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची, औंधच्या यमाईची, अशा जत्रांतून तंबू ठोकायचा आणि रात्री दोन खेळ करायचे. गाडी 1973 सालची. पुढे व्हिडिओ आला, तंबू बसला, गाडी भाजी वाहायला लागली आणि 2003 मध्ये कायमची थांबली. आण्णा 2011 ला गेले.

आपल्याकडे नेमकं काय आहे

पहिलं काम हेच. गावाकडे कुठल्याही व्हॅनला मॅटाडोरच म्हणतात, त्यामुळे घेणारा नुसता शब्द ऐकून हलत नाही. त्याला साल आणि मॉडेल लागतं.

बजाज टेम्पो कंपनीनं 1958 मध्ये टेम्पोची तीन चाकी हान्सेट बनवायला घेतली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या व्हिडाल कंपनीच्या परवान्यावर. सुरुवात गोरेगावला झाली, मग कारखाना आकुर्डीला आला. मॅटाडोर 1969 ची. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. इतका इतिहास तुम्हाला माहीत असला की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बहुतेक मालकांना माहीतच नसते: ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. मारुती 800 आली 1983 ला, त्याच्या चौदा वर्षं आधी पुण्याजवळ पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन बनत होती. मागे शाफ्ट नाही, म्हणून मागचा फ्लोअर खाली आहे. आण्णांनी हीच गाडी घेतली त्याचं कारण तेच. प्रोजेक्टरची लोखंडी पेटी दोन माणसं गुडघ्याच्या उंचीवरून आत सरकवू शकायची, ट्रकच्या फाळक्याइतकी उचलावी लागायची नाही.

सुरुवातीच्या गाड्या आता फार थोड्या उरल्यात. त्या कामाच्या गाड्या होत्या, मरेपर्यंत राबवल्या आणि कापल्या. घरातली फियाट कुणीतरी हौसेनं झाकून ठेवली, मॅटाडोर कुणी झाकून ठेवली नाही. म्हणून तुमच्याकडची साठ टक्के गंजलेली असली तरी तिला घेणारा असतो.

आरसी बुकातलं पहिल्या नोंदणीचं साल, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एका कागदावर उतरवा. मग तेच नंबर गाडीवर शोधा. चेसिस नंबर मातीच्या थराखाली असतो. तिथे घासणी, ब्लेड, पॉलिश पेपर काहीही चालवू नका. रॉकेलचा बोळा दहा मिनिटं ठेवायचा, जुन्या टूथब्रशनं हळू घासायचं, कोरडं करायचं, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची. आमच्याकडे पहिल्यांदा नुसता काळा डाग आला. दुसऱ्यांदा एकेक आकडा उमटत गेला आणि आईनं तो कागद उजेडात धरून बुकातल्या आकड्यांशी मोठ्यानं वाचून जुळवला. त्या कागदाच्या पाच प्रती काढा. जो खरा गिऱ्हाईक असेल तो सगळ्यात आधी हाच मागेल, आणि आरटीओ कार्यालयातही तो लागतो.

पन्नास वर्षांची ओळ

2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000. नोंदणी दहा वर्षांची. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्यानं नंबर घेतला तर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नसते. रॅली, प्रदर्शन, अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती, इतक्यापुरतीच ती बाहेर काढायची.

विकणाऱ्याला याचा काय उपयोग? दोन उपयोग. तुमची गाडी पन्नाशीच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर भाव बदलतो. वर्षभरात पन्नाशी पुरी होणार असेल तर थांबा, शेड आहेच. आणि "मूळ रूपात" हे दोन शब्द लक्षात ठेवा. विकण्याआधी तुम्ही जी डागडुजी कराल ती इथेच नडते.

आमच्या बुकात गाडीचा वर्ग खाजगी लिहिला होता, म्हणून रस्ता मोकळा होता. तुमची गाडी मालवाहू किंवा प्रवासी परवान्यावर असेल तर घेणाऱ्याला आधी तो वर्ग बदलून घ्यावा लागेल. हे त्याला पहिल्याच फोनवर सांगा.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि भाव वाढला तोही इथेच, म्हणून सविस्तर सांगते.

आरसी बुक आण्णांच्या नावावर, हातानं लिहिलेलं, पिवळं पडलेलं. नंबर 1989 च्या आधीचा, म्हणजे आजच्या एमएच पद्धतीचा नसलेला. असा नंबर संग्राहकांना फार प्रिय असतो. पण ऑनलाइन शोधला तर गाडीच सापडेना. जुनी रजिस्टरं संगणकावर चढवताना पुष्कळ गाड्या मागे राहिल्यात. त्यासाठी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. मूळ बुक, चेसिसची छाप, मालकाचे कागद घेऊन अर्ज द्यायचा, ते त्यांच्या रजिस्टराशी पडताळतात आणि नोंद चढवतात. माझ्या चार चकरा झाल्या. पहिल्या तिन्ही वेळा "जुनं रजिस्टर सापडत नाही" एवढंच ऐकलं. चौथ्या वेळी मी बुकातल्या प्रत्येक शिक्क्याची तारीख एका कागदावर लिहून नेली आणि अर्जाची पोच मागितली. त्या तारखांवरून पान सापडलं. तुम्हीही तारखा लिहून न्या, आणि तोंडी काही विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

मालक हयात नसेल तर आणखी एक पायरी. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. आमचा दादा नाशिकला असतो. त्याची सही राहिली म्हणून एक गिऱ्हाईक दोन महिने थांबलं आणि मग गेलं. सगळ्या भावंडांच्या सह्या जाहिरात द्यायच्या आधी घ्या. गाडी पडून असते तोवर कुणाला काही वाटत नाही. आकडा ऐकला की आठवणी जाग्या होतात. वाईट म्हणून सांगत नाही, आमच्याही घरात एक संध्याकाळ कडू गेली.

एक अडचण आधीच समजून घ्या. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि न चालणारी गाडी नेणार कशी? म्हणून अशा विक्रीत पुष्कळदा नाव बदलायचं काम गाडी उभी राहिल्यावरच पूर्ण होतं. कुठल्या टप्प्याला काय चालेल हे आपापल्या आरटीओत लेखी विचारा. जुना कर थकला असेल तर तोही आकडा काढून घ्या. गाडी बंद असल्याची सूचना आण्णांनी एकदाच दिली होती, पुढची वर्षं तशीच गेली होती. थकलेला आकडा मी गिऱ्हाइकाला सांगून टाकला आणि तो किमतीतून वजा झाला. लपवला असता तर सौदाच मोडला असता.

नोंदणी रद्द मात्र करू नका. "कशाला लफडं, रद्द करून टाका, मग भंगारात द्या" असा सल्ला देणारे तुम्हाला भेटतील. एकदा रद्द झाली की ती गाडी राहत नाही, पत्रा होतो.

आणि नुसते कागद कुणाला विकू नका. एक जण आला, गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "ताई, बुक आणि चेसिसचा नंबराचा तुकडा तेवढा द्या, साठ हजार देतो, गाडी तुम्हाला राहू दे." असे कागद दुसऱ्याच, बहुधा चोरीच्या गाडीवर चढतात, आणि पोलीस येतात ते बुकात नाव असलेल्याच्या दारात.

हात लावू नका

दादाच्या मुलानं मायेनं पुढचा पत्रा घासून त्यावर रेड ऑक्साइड मारला. त्याला वाटलं गाडी जरा बरी दिसेल. पुढे आलेल्या तिन्ही जाणकारांनी त्याच जागी बोट ठेवलं: "याच्या खाली काय होतं?" गंजलेला पत्रा दिसला की माणूस त्याचा हिशोब करू शकतो. झाकलेला दिसला की तो मनात सगळ्यात वाईट धरतो.

तेव्हा लांबी (पुट्टी) भरणं, रंग, नवं सीट कव्हर यातलं काहीही नको. पाण्याचा जोराचा फवारा तर नकोच, गंजलेल्या शिवणी त्यानं उघडतात. कोरड्या कुंच्यानं धूळ आणि घरटी काढा, उंदरांनी आणलेला पालापाचोळा काढा, आणि त्या पालापाचोळ्यात सापडलेला प्रत्येक स्क्रू ठेवून द्या.

आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला राखाडी ऑइलपेंट होता, भाजीच्या काळात ब्रशनं मारलेला. त्याचे पोपडे सुटत होते. मी ओल्या फडक्यानं पुसत होते तेव्हा नखाएवढा पोपडा निघाला आणि खाली पिवळा रंग दिसला. हळूहळू एक वेलांटी, मग तिच्या खालचं "र". पेंटरनं हातानं रंगवलेलं "टूरिंग टॉकीज" त्या राखाडीखाली तसंच होतं, अक्षराला लाल सावली दिलेली. मी तिथेच थांबले. पुढचं काढायचा मोह आवरला, कारण ते काम माहीतगारानं करायचं असतं. पण त्या वीतभर जागेचा फोटो जाहिरातीत पहिला लावला, आणि शेवटी ज्यांनी गाडी घेतली ते त्या फोटोमुळे आले. तुमच्या गाडीवरही दुकानाचं नाव, शाळेचं नाव, दवाखान्याचं चिन्ह, काहीतरी असेल. जुन्या रंगाखाली बघा. सापडलं तर वीतभर दाखवा आणि सोडून द्या.

इंजिनाचंही तसंच. बॅटरी आणून "चालू होते का बघू" म्हणू नका. वर्षानुवर्षं थांबलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. सेल्फचा झटका दिला तर जे मोकळं होऊ शकलं असतं ते तुटतं. आमच्या मिस्त्रींनी इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि डिझेल सोडलं, वर फडकी लावली आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं जरासं दाबलं. आधी काहीच हललं नाही. मग पाना बोटभर सरकला. "सुटलं," म्हणाले, आणि लगेच पाना काढून ठेवला. जाहिरातीत "इंजिन जाम नाही, हातानं फिरतं" एवढं वाक्य मिळालं, आणि ते वाक्य पाच-पंचवीस हजारांचं असतं. हे करणारा मिस्त्री मिळत नसेल तर "तपासलेलं नाही" असं खरं लिहा.

आमच्या गाडीतलं इंजिन मूळचं नव्हतं. 1988 मध्ये अपघातात गेलेल्या दुसऱ्या एका मॅटाडोरचं बसवलं होतं आणि बुकात त्याची नोंद केलेली नव्हती. नंबर जुळत नाही म्हटल्यावर मी घाबरले. पण मूळ इंजिन शेडच्या कोपऱ्यात पोत्यांखाली सापडलं, बुकातल्या नंबराचं. आण्णा काही टाकत नसत. भंगारवाला ते वेगळं न्यायला तयार होता, लोखंडाच्या भावात. व्हिंटेजच्या नोंदणीत मूळ इंजिनाचा प्रश्न येतो, म्हणून नंबर जुळणारा तो गंजका गोळा गाडीच्या अर्ध्या किमतीला भारी ठरला. तेव्हा माळा, शेड, विहिरीवरची मोटारखोली सगळं धुंडाळा. व्हीलकॅप, आरसे, जॅक, नावाची पट्टी, हँडल, काचेच्या कडेचं रबर, जे सापडेल ते एका पेटीत गोळा करा आणि यादी करा. असले सुटे भाग आज कुठल्या दुकानात मागून मिळत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात लोक महिनोन्महिने एका दिव्याच्या काचेसाठी फिरतात.

दोष आपणच आधी सांगायचे

एक दिवस पूर्ण काढा. चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या बाजूनं फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आला तर संपलाय. छपराची पन्हळ, दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी, ड्रायव्हरच्या पायाखालची जागा या चार ठिकाणी पाणी साठतं. गंज तिथूनच सुरू होतो. चेसिसच्या आडव्या-उभ्या पट्ट्या खालून मोबाईलच्या उजेडात बघा, पुढचे एक्सल आणि त्यांचे जॉइंट बघा. पुढच्या चाकांवरच्या गाडीत तेच सगळ्यात महाग दुखणं असतं.

सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, तेव्हा पत्र्यातला प्रत्येक पोचा दिसतो. मी 46 फोटो काढले आणि त्यातले 19 नुसत्या गंजाचे होते. प्रत्येकाखाली जागा लिहिली. एकच व्हिडिओ, कुठेही न कापता, गाडीभोवती एक फेरी आणि मग खालून एक. त्यानंतर फुकट वेळ घालवणारे फोन बंद झाले. जे आले ते सगळं माहीत करून आले आणि दारात उभं राहून भाव पाडायला त्यांच्याकडे नवं काही नव्हतं.

भाव

तीन आकडे काढायचे. पहिला भंगाराचा, तो सगळ्यात खालचा. त्यासाठी दोन भंगारवाल्यांना बोलवा, एकाला नको. दुसरा, भाग सुटे करून विकले तर किती होतील. तिसरा, पूर्ण उभी राहिलेली अशी गाडी कितीला जाईल त्यातून उभं करायचा खर्च वजा करून. हा तिसरा आकडा अनेकदा शून्याखाली जातो आणि मालक खचतो. खचू नका. पूर्ण उभी करणारा माणूस नफ्याचा हिशोब करत नसतो. त्याला ती गाडी हवी असते. पण हौस आहे म्हणून त्याला लुटताही येत नाही, कारण पत्रा, इंजिन, रंग, रबर यांत तुमच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा त्याला पुढे घालायचाय, आणि ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मी सव्वादोन लाख लिहिले होते. शेवटपर्यंत कुणाला "तुमचा आकडा सांगा" म्हटलं नाही.

घेणारा कोण

भंगारवाला आणि गाड्या फोडून भाग विकणारा रोख घेऊन पहिल्या आठवड्यातच येतात. फूड ट्रकवाल्यांना नुसती जुनी बॉडी हवी असते, ते बाजू कापून खिडकी काढतात. जुन्या काळाची मालिका-सिनेमा करणारे आले तर त्यांना भाड्यानं द्या, विकू नका. आणि चौथा प्रकार म्हणजे संग्राहक. तो उशिरा येतो आणि फार प्रश्न विचारतो.

त्याच्यापर्यंत पोचायला गाड्या विकायच्या साध्या ॲपवर भागत नाही. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आहे. त्यांच्या रॅलीला जाऊन उभं राहा, हातात दोन फोटो ठेवा. मी गेले तेव्हा एका गृहस्थांनी फोटो पाहून विचारलं, "पुढची काच एकसंध आहे का?" ते आमचे गिऱ्हाईक नव्हते, पण त्यांनीच पुढे ठाण्याच्या एका काकांना, म्हणजे शेवटी गाडी घेणाऱ्यांना, नंबर दिला.

खरा माणूस कसा ओळखायचा? तो गाडीखाली झोपतो. ठाण्याचे काका साठीचे, चांगल्या कपड्यांत आलेले. पोतं अंथरून खाली गेले ते वीस मिनिटांनी बाहेर आले. मग शेडमध्ये उकिडवे बसून त्यांनी पोत्याखालच्या इंजिनाचा नंबर बोटानं चाचपला. भावाचं त्यानंतर बोलले. मी त्यांना आधीच्या दोन गाड्यांचे काम चालू असतानाचे फोटो मागितले आणि त्यांनी ते आनंदानं दाखवले. तुम्हीही मागा. ज्यानं खरंच काम केलंय त्याच्याकडे ते ढीगभर असतात.

फोनवरच "घेतली, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा चोर आहे. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही.

सौदा आणि रवानगी

इसार म्हणून 25,000 बँकेतून घेतले आणि उरलेले गाडी उचलायच्या आधी, तेही बँकेतूनच. करारनामा 500 च्या मुद्रांकावर केला. त्यात चेसिस नंबर, दोन्ही इंजिनांचे नंबर, "आहे त्या स्थितीत, न चालणारी" हे शब्द, सुट्या भागांची यादी, थकलेला कर कुणी भरायचा, नाव बदलायचं काम कुणी आणि किती मुदतीत करायचं, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ. वेळ लिहाच. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे पुस्तकातलं नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमच्यावर राहते. गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या देऊन टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोडा. सगळं भरून, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहूनच सही करा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो ठेवा. विक्रीची सूचना राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत द्यायची असते, परराज्यात पंचेचाळीस दिवसांत.

उचलताना हायड्रा (क्रेन) आला तर पट्टे कुठे लावतो ते बघा. उंबऱ्याला पट्टा लावून उचलली तर गंजलेली गाडी मधोमध मोडते. पट्टे चाकांना किंवा चेसिसच्या ठणठणीत भागाला लावायला सांगा आणि गाडी सपाट कॅरिअरवर चढवा. दोरीनं ओढून किंवा मागची चाकं उचलून नेणार असेल तर नाही म्हणा. पुढची चाकं जमिनीवर राहिली की एक्सल आणि गिअरबॉक्स दोन्ही फरफटत जातात. आमची मागची दोन्ही ब्रेक ड्रम धरली होती. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं हलके ठोके देत तासाभरात ती सोडवली, चाकांत उसन्या ट्यूबा घालून हवा भरली, आणि बावीस वर्षांनी ती स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली. आईनं नारळ फोडला.

काकांनी पेटीतला प्रत्येक भाग यादीवर टिक करून घेतला आणि दोन्ही प्रतींवर सही केली. त्यांची सही असलेली प्रत, करारनामा आणि सूचनेची पोच आईच्या ट्रंकेत आहे. गाडीच्या पत्र्याचं काम अजून चालू आहे, पुस्तकातलं नाव बदलायचं बाकी आहे, तोवर ते कागद तिथेच राहतील. काका दर महिन्याला एक फोटो पाठवतात. मागच्या फोटोत राखाडी रंग पूर्ण निघालाय.